एन्ट्रॉपी आटत नाही, ती सुरुवातीलाच नसते

मा. संपादक,

स. न. वि. वि.

संगणक-सुरक्षेवर जे लेख छापून येतात त्यांत पासवर्ड किती लांब असावा, संकेतन किती बिटांचे असावे यावर भर असतो. ते ठीकच आहे. पण २५६ बिटांची किल्ली मुळात बनते कशातून, हे त्यांत क्वचितच येते. ती बनते ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेल्या रँडम बाइटांतून. ब्राउझरची सुरक्षित जोडणी असो, सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याच्या एसएसएच पद्धतीची किल्ली असो, लॉगिननंतर मिळणारा टोकन असो की डिस्कवरचे संकेतन, मागणी शेवटी कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, जाते. कर्नलने दिलेले बाइट तिसऱ्या कुणाला अंदाजाने काढता आले, तर वरचे गणित निर्दोष असूनही कामाचे राहत नाही.

या विषयाची काळजी जाणकारही चुकीच्या जागी करतात, म्हणून हे पत्र. 'सर्व्हरची एन्ट्रॉपी (जमा झालेली अनिश्चितता) संपेल' ही भीती अनेक प्रशासकांना वाटते आणि ती बहुतांशी निराधार आहे. खरी अडचण असते ती यंत्र सुरू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांत आणि एकाच यंत्राच्या काढलेल्या अनेक प्रतींत. अनिश्चितता आणि किल्ली यांच्या मधल्या कोडमधली चूक हे तिसरे कारण. ते क्वचित घडते, पण घडले की वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

आधी यंत्रणा समजून घेऊ. संगणक ठरलेल्या सूचना ठरलेल्या क्रमाने पाळतो, त्यामुळे अनिश्चितता त्याला बाहेरून आणावी लागते. डिस्क, नेटवर्क कार्ड, कीबोर्ड यांच्याकडून येणाऱ्या इंटरप्टची (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेतांची) अचूक वेळ, प्रोसेसरच्या चक्रगणकातले बारीक चढउतार आणि प्रोसेसरमध्येच असलेला हार्डवेअर जनरेटर हे त्याचे नेहमीचे स्रोत. लिनक्समध्ये हे सगळे ब्लेक२एस या हॅशमधून (कितीही माहितीचा ठराविक लांबीचा ठसा काढणाऱ्या गणितातून) एका साठ्यात मिसळले जाते. त्यातून २५६ बिटांची एक गुप्त किल्ली निघते आणि ती चाचा२० या सायफरला (संकेतनाच्या पद्धतीला) देऊन हवे तितके बाइट तयार केले जातात. प्रत्येक वापरानंतर किल्ली बदलते, म्हणजे आजची स्थिती कुणाच्या हाती लागली तरी कालचे बाइट उलट मोजत काढता येत नाहीत. विंडोज १० मध्ये हेच काम एईएस सायफर काउंटर पद्धतीने करतो. नावे वेगळी, रचना तीच: अनिश्चित बीज थोडे, त्यावरून निघणारे उत्पादन अमाप.

यातली कळीची गोष्ट अशी, की एकदा खरोखर अनिश्चित असे २५६ बिट आत आले की त्यांतून कितीही बाइट काढले तरी ते 'वापरून संपत' नाहीत. ते संपतात असे मानायचे, तर सायफरच फुटतो असे मानावे लागेल, आणि तो फुटत असेल तर त्याच सायफरने पाठवलेली माहितीही उघडीच. संपण्याची ही कल्पना आली ती लिनक्सच्या जुन्या हिशेबातून. तिथे /डेव्ह/रँडम या रँडम बाइट देणाऱ्या फाइलमधून वाचले की एक आकडा कमी होई आणि तो खाली गेला की वाचणारा प्रोग्राम अडकून बसे. २०२० मध्ये आलेल्या कर्नल ५.६ पासून हे अडकणे बंद झाले. आता साठा एकदा सिद्ध झाला (त्याला पुरेसे बीज मिळाले) की /डेव्ह/रँडम आणि तिची न अडकणारी जोडफाइल /डेव्ह/यूरँडम सारख्याच वागतात. २०२२ च्या ५.१८ पासून उपलब्ध एन्ट्रॉपीचा आकडा २५६ वर पोहोचून तिथेच राहतो. तरी आजही निगराणीच्या पडद्यांवर 'एन्ट्रॉपी २५६, धोका' असा लाल इशारा दिसतो. कारण इशाऱ्याची मर्यादा जुन्या ४०९६ बिटांच्या साठ्याला धरून ठरवलेली असते. असा इशारा काढून टाकावा.

या भीतीतून निघालेला एक उपाय मात्र निरुपद्रवी नव्हता. किल्ली बनवणारा प्रोग्राम अडकला की आरएनजीडी या कर्नलला एन्ट्रॉपी पुरवणाऱ्या सेवेला /डेव्ह/यूरँडम हाच स्रोत म्हणून द्यायचा, हा सल्ला कित्येक वर्षे फिरत होता. म्हणजे कर्नलचेच उत्पादन घेऊन ते पुन्हा कर्नलला 'नवी एन्ट्रॉपी' म्हणून द्यायचे. अडकलेला प्रोग्राम लगेच सुटे, म्हणून सल्ला लोकप्रिय झाला. माहितीत भर शून्य, खात्यावर जमा मात्र पूर्ण. साठा आधीच नीट भरलेला असेल तर यातून नुकसान नाही. पण बीजच नसलेल्या यंत्रावर हे केले तर कर्नलची खात्री पटते की आपण तयार आहोत, आणि ज्या प्रोग्रामने थांबायला हवे होते तोही पुढे जातो. जुन्या प्रतिष्ठापनेच्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ अजून असेल तर ती आजच काढावी.

आता सुरुवातीच्या सेकंदांकडे वळू. नवे राउटर किंवा कॅमेरा पहिल्यांदा वीज लागताच काय करतो? त्यात फिरणारी डिस्क नसते, कीबोर्ड नसतो आणि बॅटरीवर चालणारे घड्याळही बहुधा नसते, त्यामुळे वेळ १९७० पासून सुरू होते. नेटवर्क अजून जोडलेले नसते. त्याच मॉडेलची हजार यंत्रे याच स्थितीतून, याच क्रमाने जातात. आणि नेमक्या याच क्षणी स्टार्टअप स्क्रिप्ट त्यांना आयुष्यभर वापरायची किल्ली बनवायला सांगते. जुन्या कर्नलमध्ये /डेव्ह/यूरँडम ला बीज मिळाले आहे की नाही हे पाहण्याची सोयच नव्हती. मागाल तेव्हा ते बाइट देई.

याचा परिणाम २०१२ मध्ये नादिया हेनिंगर, झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्त्रो आणि अलेक्स हाल्डरमन यांनी संपूर्ण इंटरनेट चाळून दाखवला. टीएलएस (ब्राउझरच्या सुरक्षित जोडणीची पद्धत) वापरणाऱ्या सापडलेल्या यंत्रांपैकी ०.५० टक्के यंत्रांच्या आरएसए खाजगी किल्ल्या आणि एसएसएच यंत्रांपैकी १.०३ टक्के यंत्रांच्या डीएसए खाजगी किल्ल्या त्यांनी प्रत्यक्ष काढल्या. कुठल्याही यंत्रात न शिरता, केवळ सार्वजनिक माहितीवरून. आरएसए आणि डीएसए या सार्वजनिक व खाजगी किल्ल्यांच्या जोडीने चालणाऱ्या पद्धती; त्यातली आरएसएची रीत समजून घेण्यासारखी आहे. आरएसएची सार्वजनिक संख्या दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनते. दोन यंत्रे एकाच स्थितीतून सुरू झाली, तर दोघांची पहिली मूळ संख्या एकच निघते. ती शोधेपर्यंत घड्याळाचा एखादा सेकंद पुढे सरकतो किंवा एखादे पॅकेट येते, ते साठ्यात मिसळते आणि दुसरी मूळ संख्या वेगळी निघते. बाहेरून पाहिले तर दोन सार्वजनिक संख्या पूर्ण वेगळ्या, संशयाला जागाच नाही. पण त्या दोहोंचा मसावि काढला की सामायिक मूळ संख्या हाती येते आणि दोन्ही किल्ल्या उघडतात. १०२४ बिटांच्या संख्येचे अवयव पाडणे अतिशय खर्चिक. दोन संख्यांचा मसावि काढणे शाळेत शिकवतात. लाखो संख्यांचे मसावि एकत्र काढण्याच्या युक्तीने हे काम काही तासांत झाले.

डीएसए आणि ईसीडीएसए या डिजिटल सह्यांच्या पद्धती याहूनही नाजूक. त्यांत किल्ली बनवतानाच नव्हे, तर प्रत्येक सही करताना एक नवी गुप्त रँडम संख्या लागते. ती कळली तर एका सहीवरून खाजगी किल्ली निघते. ती न कळता दोन वेगळ्या मजकुरांवर तीच वापरली गेली, तरी दोन समीकरणांच्या वजाबाकीतून किल्ली निघते. सोनीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये ही संख्या प्रत्येक सहीला तीच होती, हे २०१० मध्ये जाहीर झाले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइडवरच्या बिटकॉइन वॉलेटमधून चोऱ्या झाल्या. तिथे कर्नलचा दोष नव्हता. त्याच्यावरचा जावाचा सिक्युअररँडम थर कर्नलकडून बीज नीट घेत नव्हता, त्यामुळे सह्यांतल्या संख्या पुन्हा पुन्हा येत होत्या. संख्या पूर्ण कळायलाही हवी असे नाही. २०२४ मध्ये पुटी या दुरून लॉगिन करण्याच्या प्रोग्राममध्ये सापडले की ५२१ बिटांच्या वक्रावर (ईसीडीएसएच्या एका प्रकारात) सही करताना ही संख्या ५१२ बिटांच्या हॅशमधून घेतली जात होती, म्हणून तिचे वरचे ९ बिट कायम शून्य असत. एवढ्यावर साधारण ६० सह्या गोळा करून खाजगी किल्ली काढता येते. हॅशमधून संख्या घेण्याची पद्धत पुटीत आली तेव्हाच्या विंडोजमध्ये भरवशाचा रँडम स्रोत नव्हता. सिस्टिमचा उणेपणा टाळायला शोधलेली वाट वीस वर्षांनी अशी आडवी आली.

२०१२ नंतर लिनक्समध्ये दुरुस्त्या झाल्या. यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, अनुक्रमांक यांसारख्या गोष्टी साठ्यात मिसळायला सुरुवात झाली. पण कर्नल त्यांना एन्ट्रॉपी म्हणून मोजत नाही, आणि ते योग्य आहे. मॅक पत्त्याने दोन यंत्रे वेगळी होतात, पण तो पत्ता गुप्त नसतो. तो शेजारच्या यंत्रालाही दिसतो. किल्ल्या एकसारख्या नसणे आणि किल्ल्या ओळखता न येणे यांतला फरक इथे विसरू नये. खरा उपाय २०१४ मध्ये कर्नल ३.१७ सोबत आला: गेटरँडम ही सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे थेट केलेली मागणी. साठा सिद्ध होईपर्यंत ती थांबते, नंतर कधीच थांबत नाही. शिवाय तिला फाइल उघडावी लागत नाही. हा दुसरा फायदा कमी लेखला जातो. पूर्वी मर्यादित निर्देशिकेत कोंडलेल्या प्रोग्रामला /डेव्ह/यूरँडम दिसत नसे, किंवा एखादा हल्लेखोर इतक्या जोडण्या उघडे की प्रोग्रामला नवी फाइल उघडता येत नसे. अशा वेळी काही लायब्ऱ्या गुपचूप घड्याळ आणि प्रोसेस क्रमांकावरून काम भागवत. त्रुटी दाखवून बंद पडणे हेच अशा ठिकाणी योग्य वर्तन आहे, आणि ज्या कोडमध्ये 'स्रोत मिळाला नाही तर वेळेवरून बनवा' अशी फांदी दिसेल तो कोड परत पाठवावा.

थांबण्याचीही किंमत असते. २०१९ मध्ये ईएक्सटी४ फाइलसिस्टिमचे डिस्कवाचन सुधारले. वाचन कमी झाले, म्हणून इंटरप्ट कमी झाले, म्हणून साठा लवकर भरेना. लॉगिनचा पडदा आणणारा प्रोग्राम गेटरँडमवर थांबून राहिला आणि यंत्र सुरूच होईना. डिस्कचे काम वेगवान केल्यामुळे संगणक अडकावा, असा हा प्रकार. त्यानंतर कर्नल ५.४ मध्ये सोय झाली: कुणी थांबून असेल तर कर्नल स्वतःच प्रोसेसरच्या वेळेतले सूक्ष्म चढउतार मोजून सुमारे सेकंदभरात साठा भरतो. आजच्या सर्व्हरवर म्हणून एन्ट्रॉपी गोळा करणाऱ्या हॅव्हेजसारख्या वेगळ्या सेवेची गरज सहसा नाही. ज्या छोट्या प्रोसेसरांत बारीक चक्रगणकच नाही तिथे मात्र ही युक्ती चालत नाही. २०२२ मध्ये /डेव्ह/यूरँडम लाही बीजासाठी थांबायला लावण्याचा प्रयत्न झाला. काही यंत्रे त्यामुळे सुरू होईनात, तेव्हा तो बदल मागे घ्यावा लागला. म्हणजे जुन्या मार्गाने वाचणाऱ्या प्रोग्रामचा धोका अशा यंत्रांवर आजही शिल्लक आहे.

तपासणी सोपी आहे. कर्नलच्या सुरुवातीच्या नोंदी उघडाव्यात. 'सीआरएनजी इनिट डन' (जनरेटर तयार झाला) अशा अर्थाची ओळ कितव्या सेकंदाला येते ते पाहावे आणि एसएसएच किंवा टीएलएस किल्ली बनवणारी सेवा कितव्या सेकंदाला चालली ते शेजारी मांडावे. किल्ली आधी आणि ती ओळ नंतर असेल, किंवा बीज नसताना यूरँडम वाचल्याचा इशारा त्या सेवेच्या नावाने नोंदीत असेल, तर ती किल्ली फेकून नवी बनवावी. केवळ पुन्हा बूट करून भागत नाही, कारण किल्ली फाइलमध्ये तीच राहते. २०१५ मध्ये रास्पबेरी पायच्या रास्पबियन या सिस्टिममध्ये हाच क्रम चुकला होता: पहिल्या बूटला एसएसएच किल्ल्या बनत, पण चिपवरचा हार्डवेअर जनरेटर तोवर वापरात आणलेलाच नसे. चांगला स्रोत जवळ असणे वेगळे आणि तो वेळेत जोडलेला असणे वेगळे.

दोन बूटच्या मधला दुवा म्हणजे बीजाची फाइल. सिस्टमडी (लिनक्समधली सेवा सुरू करणारी प्रणाली) वापरणारी यंत्रे थोडी रँडम माहिती डिस्कवर ठेवतात आणि पुढच्या सुरुवातीला ती साठ्यात मिसळतात. ही फाइल वाचताक्षणी नव्या माहितीने पुन्हा लिहिली गेली पाहिजे. फक्त बंद होताना लिहायचे ठरवले, तर वीज अचानक गेल्यावर जुनेच बीज दुसऱ्यांदा वापरले जाते. ज्या उपकरणांत फाइलसिस्टिम फक्त वाचनासाठीच असते, तिथे हेच बीज प्रत्येक बूटला येते आणि त्याचा काहीच उपयोग नसतो. म्हणूनच सिस्टमडी या फाइलला आपणहून एन्ट्रॉपीचे श्रेय देत नाही. ते द्यायला लावणारी सेटिंग आहे, पण ज्या इमेजच्या (तयार डिस्कच्या हुबेहूब नकलेच्या) प्रती निघणार आहेत तिथे ती कधीही चालू करू नये.

इथून विषय प्रतींकडे जातो. माझ्या मते आज सर्वांत जास्त दुर्लक्षित झालेला भाग हाच आहे. एक व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा संगणक) नीट तयार करायचे, त्याची इमेज काढायची आणि तिच्यापासून शंभर सर्व्हर उभे करायचे, ही आजची रूढ पद्धत. त्या इमेजमध्ये बीजाची फाइल असते, सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या एसएसएचच्या यजमान किल्ल्या असतात, कधी स्वतःच सही केलेले टीएलएस प्रमाणपत्रही असते. शंभर सर्व्हरांची किल्ली एकच म्हणजे त्यातला एक फुटला की बाकीचे नव्याण्णव आपोआप फुटले. हा प्रकार निदान उघड दिसतो. स्नॅपशॉटचा, म्हणजे यंत्राची त्या क्षणाची स्थिती जतन करण्याचा, प्रकार दिसत नाही. चालू यंत्राचा मेमरीसकट स्नॅपशॉट घेतला की जनरेटरची स्थितीही त्यात गोठते. तोच स्नॅपशॉट दोनदा उठवला तर दोन्ही यंत्रे काही काळ तेच 'रँडम' बाइट देऊ शकतात. टॉमस रिस्टनपार्ट आणि स्कॉट यिलेक यांनी २०१० मध्ये दाखवले, की अशा पुनरारंभातून टीएलएसची सत्रे उघडी पडू शकतात आणि सर्व्हरची डीएसए किल्लीही निघू शकते. त्याचे कारण वर आलेच आहे: एकच सही-संख्या, दोन वेगळे मजकूर.

यावर हायपरव्हायजरने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) पाहुण्या, म्हणजे आत चालणाऱ्या, यंत्राला 'तू आता प्रत आहेस' असे कळवण्याची सोय आहे. व्हीएम जनरेशन आयडी नावाचा एक क्रमांक स्नॅपशॉट उठवताना बदलतो, आणि लिनक्सचा कर्नल ५.१८ पासून तो बदलताच साठ्यात मिसळून नवी किल्ली घेतो. यातही फट आहे. कर्नलला कळले तरी वरच्या प्रोग्राममधल्या लायब्ररीचा स्वतःचा जनरेटर असतो, त्याला लगेच कळत नाही. चालू प्रोग्रामची प्रोसेस दुभंगून तिची प्रत निघाली की हाच प्रश्न लहान प्रमाणावर येतो. मूळ प्रोसेस आणि तिची संतती यांच्याकडे जनरेटरची तीच स्थिती असते. ओपनएसएसएल या संकेतनाच्या लायब्ररीच्या १.१.१ मध्ये यासाठी नवी रचना लिहिली होती, पण १.१.१सी पर्यंत ती आपोआप चालूच होत नव्हती. २०१९ च्या १.१.१डी मध्ये ते सुधारले. शक्य तिथे प्रोग्रामने आपला जनरेटर ठेवूच नये, थेट कर्नलकडून बाइट घ्यावेत. वेगाचे निमित्त पूर्वी सांगितले जाई. २०२४ च्या कर्नल ६.११ पासून गेटरँडम सिस्टिम कॉलशिवाय, प्रोग्रामच्याच पत्त्यांच्या आवारात चालू शकते, त्यामुळे ते निमित्तही बरेच कमी झाले.

इमेज काढणाऱ्यांनी पुढील क्रम ठेवावा. यंत्र पूर्ण तयार झाल्यावर एसएसएचच्या सर्व यजमान किल्ल्या पुसाव्यात. यंत्राची ओळख ठेवणारी मशीन-आयडीची फाइल पुसू नये, रिकामी करावी. सिस्टमडीच्या संग्रहातली बीजाची फाइल आणि बूट विभाजनात दुसरी बीज-फाइल असेल तर तीही पुसावी. प्रतिष्ठापनेने आपणहून बनवलेली प्रमाणपत्रे, डेटाबेसची आणि वेब-अनुप्रयोगाची गुप्त मूल्ये शोधून काढावीत. ही शेवटची पायरी सर्वांत जास्त वेळा राहते, कारण अनुप्रयोगाची गुप्त ओळ एखाद्या सेटिंग फाइलच्या मधोमध असते. मग यंत्र बंद करून इमेज काढावी आणि त्यानंतर 'एकदा चालू करून बघू' म्हणून ते बूट करू नये. बूट केले की सगळ्या किल्ल्या पुन्हा बनतात आणि त्याच इमेजमध्ये जातात. प्रत उभी करताना व्हर्टआयओ रँडम उपकरण जोडावे, म्हणजे यजमानाचे (ज्या यंत्रावर प्रत चालते त्याचे) बाइट पाहुण्याला पहिल्या क्षणापासून मिळतात. स्नॅपशॉट चालू मेमरीसह उठवण्याऐवजी, जमेल तिथे बंद यंत्राचा घेऊन नव्याने बूट करावा.

मधल्या कोडच्या चुकांत डेबियन या लिनक्स वितरणाची गोष्ट सर्वांत बोलकी. व्हॅलग्राइंड हे मेमरीच्या चुका शोधणारे साधन ओपनएसएसएलमध्ये न भरलेली मेमरी वापरल्याचा इशारा देत होते. तो इशारा घालवायला २००६ मध्ये सारखीच दिसणारी ओळ दोन ठिकाणी काढली गेली. एका ठिकाणी ती काढणे निरुपद्रवी होते. दुसऱ्या ठिकाणी तीच ओळ बाहेरून येणारे सगळे बीज साठ्यात मिसळत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. किल्ली १०२४ बिटांची मागा की ४०९६ बिटांची, एका प्रकारच्या यंत्रावर तेवढ्याच किल्ल्या निघत, आणि त्या सगळ्या आधी बनवून ठेवता येत. दोष लुसियानो बेल्लो यांना सापडला आणि मे २००८ मध्ये जाहीर झाला. तोवर जवळजवळ दोन वर्षे डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूवर अशा किल्ल्या बनत होत्या. कर्नल निर्दोष होता, त्याचे बीज वर पोहोचतच नव्हते. दुसऱ्या यंत्रावर नीट बनवलेली डीएसए किल्लीही या यंत्रावरून एकदा सहीसाठी वापरली असेल तर ती गेली. २०२४ मध्येही ई-मेल कोणत्या डोमेनवरून आला हे दाखवणाऱ्या डीकेआयएम सह्यांसाठी अशा किल्ल्या वापरात सापडल्या. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याने जुनी किल्ली बदलत नाही, याचा याहून चांगला पुरावा नको.

अशीच चूक नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ६.० आवृत्तीच्या कर्नलमध्ये होती. एक कंस चुकीच्या जागी पडल्यामुळे, साठा कमी असताना मागितलेल्या बीजाऐवजी एका पूर्णांकाएवढे, म्हणजे चार किंवा आठ बाइटच खरे रँडम येत. २०१३ मध्ये ते दुरुस्त झाले. विंडोज २००० मध्ये वेगळाच दोष होता. २००७ मध्ये लिओ डोरेनडॉर्फ, झ्वी गुटरमन आणि बेनी पिंकास यांनी दाखवले, की जनरेटरची स्थिती वापरणाऱ्या प्रोसेसच्याच मेमरीत असे आणि १२८ किलोबाइट बाहेर पडेपर्यंत तिला नवे बीज मिळत नसे. ती स्थिती एकदा हाती आली की मागचे बाइटही मोजता येत.

हार्डवेअर जनरेटरवर थोडे. तो साठ्यात मिसळावा, एकट्यावर विसंबू नये. हे केवळ संशयाने म्हणत नाही. २०१९ मध्ये काही एएमडी प्रोसेसरांवर हार्डवेअर जनरेटरकडून आकडा मागणारी आरडीरँड ही सूचना दरवेळी सर्व बिट १ असलेला आकडा देत असे आणि सोबत 'यशस्वी' अशी खूणही. २०२५ मध्ये एएमडीच्याच झेन ५ प्रोसेसरांवर तशाच आरडीसीड सूचनेच्या १६ आणि ३२ बिटांच्या रूपांत शून्य येऊन यशाची खूण मिळत असल्याचे समोर आले. थेट त्या सूचनेवर बांधलेला प्रोग्राम यात फसतो. साठ्यात इतर स्रोत असतील तर कर्नल तरतो.

रँडम बाइटांची सांख्यिकी चाचणी घेऊन कुणी खात्री देत असेल तर ती खात्री मानू नये. डेबियनच्या किल्ल्या त्या चाचण्यांत सहज उत्तीर्ण झाल्या असत्या. किल्लीच्या जागी सगळी शून्ये ठेवून एईएसने १, २, ३ असे आकडे संकेतित केले, तरी निघणारा प्रवाह प्रत्येक चाचणी पार करतो. अर्थ असलेली चाचणी घ्यायची ती हॅशमध्ये जाण्याआधीच्या कच्च्या संकेतावर: तेच मूल्य सलग किती वेळा आले, एका खिडकीत एकच मूल्य अतोनात वेळा आले का. आणि शोध घ्यायचा तो अनेक यंत्रांमध्ये, एका यंत्रात नव्हे.

एकाच मॉडेलची अनेक उपकरणे घेणाऱ्या संस्थेला हे सहज करता येते. खोक्यातून काढलेली दोन उपकरणे नेटवर्कशी न जोडता सुरू करावीत. दोघांच्या एसएसएच आणि टीएलएस सार्वजनिक किल्ल्या नोंदवाव्यात, मग दोन्ही कारखाना-स्थितीत परत नेऊन नव्याने बनलेल्या किल्ल्या पुन्हा नोंदवाव्यात. ठसे एकमेकांशी आणि आधीच्यांशी ताडून पाहावेत. आरएसएच्या संख्यांचा दोन-दोन करून मसावि काढावा. पायथनच्या गणित विभागातले एक फलन त्याला पुरते. कुठलाही ठसा जुळला किंवा मसावि १ हून वेगळा आला, तर उपकरणे पुरवठादाराकडे परत जावीत. सगळे वेगळे आले तर ती एक अट पूर्ण झाली. बीज किती अनिश्चित आहे ते यातून कळत नाही, म्हणून किल्ली कितव्या सेकंदाला आणि कोणत्या सिस्टिम कॉलने बनते, हे पुरवठादाराकडून लेखी मागावे.

आपला नम्र,
सर्व्हर प्रशासनात काम करणारा एक वाचक